सक्ती करायचीच तर ती मोठ्यांवर करा

प्रति,
मा. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य.



शाळेत गणवेशाची सक्ती असावी की नसावी, हा वाद दर जूनला उकरून काढला जातो आणि पहिली घटक चाचणी येईपर्यंत विसरलाही जातो. मी एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक-सदस्य आहे. कापड, मापं आणि पैसे यांचा मेळ घालण्याचं काम आमच्याकडे येतं, म्हणून या वादात मला रस. माझं मत आधीच सांगून टाकते. गणवेश असावा. शाळेने तो ठरवावा आणि सगळ्यांनी घालावा. पण एखादं मूल तो न घालता आलं, तर त्या मुलाला कुणी अवाक्षरही विचारू नये. जे काही विचारायचं ते मोठ्यांना विचारा. आधी आपल्या खात्याला, मग आमच्या समितीला, आणि अगदी शेवटी आईबापांना. आमच्या भागातले कितीतरी मुख्याध्यापक असंच वागतात. ते सारं त्यांच्या भलेपणावर चाललंय. तो भलेपणा शासन निर्णयात उतरावा, एवढ्यासाठी हे पत्र.

गणवेशाच्या बाजूने पहिला मुद्दा येतो तो समतेचा. एकाच रंगाचे कपडे घातले की बागायतदाराचा पोरगा कोण आणि सालगड्याचा कोण, हे कळत नाही म्हणतात. पंधरा ऑगस्टला मंडपातल्या खुर्चीवर बसून पाहिलं तर खरंच कळत नाही. बाकावर शेजारी बसलेल्याला मात्र सगळं कळतं. मुलींच्या निळ्या स्कर्टची खालची दुमड उसवून तो दरवर्षी थोडा लांब करतात. वरचं कापड उन्हाने आणि साबणाने विटलेलं असतं, दुमडीत दडलेलं तसंच गडद राहिलेलं असतं. अशी एक गडद पट्टी दिसली तर स्कर्ट मागल्या वर्षीचा. दोन दिसल्या तर थोरल्या बहिणीचा. सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटून शिवलीय का, गुंडीच्या जागी सेफ्टी पिन आहे का, पांढऱ्यावर नीळ नीट बसलीय की ढग उमटलेत, हे पोरं एका नजरेत टिपतात.

तरीही मी गणवेशाच्याच बाजूची. कारण रंगीत कपड्यांच्या वर्गात ही तपासणी रोज नव्याने होईल. जिच्याकडे दोनच बरे फ्रॉक आहेत, तिची सोमवार ते शनिवार सुटका नाही. गणवेशात निदान तेवढं टळतं. शिवाय सकाळी सात वाजता चुलीपुढे बसलेल्या आईच्या डोक्यातला एक प्रश्न कमी होतो. याला समता म्हणणं मला जड जातं. ही सोय आहे, आणि मला ती पुरते.

समतेचंच बोलायचं तर त्या नावाने चाललेल्या योजनेने वर्गात भेद कसा पाडला होता, हे सांगायला हवं. समग्र शिक्षा अभियानातून पहिली ते आठवीच्या मुलांना दोन गणवेशांसाठी ६०० रुपये मिळत. मुली सगळ्या धरलेल्या होत्या. मुलग्यांमध्ये मात्र फक्त अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालचे. वर्गात मग असे मूठभर मुलगे उरत ज्यांच्या बापाचं नाव यादीत नाही, आणि घर मात्र यादीतल्यांसारखंच. जुलैत कुणाच्या अंगावर कोरा गणवेश आणि कुणाच्या नाही, यावरून जात कळायची आणि यादीही कळायची. समता दाखवायला आणलेल्या कपड्याने चारचौघांत प्रवर्ग जाहीर करावा, याहून मोठी थट्टा कुठली? गुरुजी मग आपसांत वर्गणी काढत, सरपंचांना गाठत, मुंबईला कामाला असलेल्या गाववाल्यांना फोन लावत. २०२३ मध्ये राज्याने या उरलेल्या मुलांनाही योजनेत घेतलं. हे फार चांगलं काम झालं. त्याचं हवं तेवढं कौतुक झालं नाही, कारण त्याच्या पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या निर्णयाचा धुरळा फार उडाला.

तो निर्णय म्हणजे ‘एक राज्य, एक गणवेश’. आपल्या आधी दीपक केसरकर या खात्याचे मंत्री असतानाचा. राज्यभर आकाशी सदरा आणि गडद निळी पँट. कापड मध्यवर्ती खरेदीचं, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे. दुसरा गणवेश स्काउट-गाइडचा. त्याचं कापड वरून यायचं आणि शिलाई समित्यांनी करून घ्यायची, दर गणवेशामागे ११० रुपयांत. त्यातले १०० शिलाईचे आणि १० वरखर्चाचे. २०२४ च्या जूनमध्ये शाळा भरल्या, स्वातंत्र्यदिन येऊन गेला, तरी असंख्य शाळांत कपडे पोचले नव्हते. पोचले तिथे मापांचा घोळ. कुणाच्या बाह्या कोपराखाली लोंबत होत्या, कुणाची पँट पोटावर बसत नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. सुटलो म्हणायचं.

त्या वेळी कंत्राटावर आणि कापडाच्या दर्जावर बरंच बोललं गेलं. मला वाटतं, मूळ घोटाळा मापाचा होता. चाळीस लाखांहून अधिक मुलांचं माप मुंबईत बसून इयत्तेवरून ठरवायचं, ही कल्पनाच मुळात ज्यांनी पोराला कपडे शिवले नाहीत त्यांची. पाचवीच्या एका वर्गात दोन विती उंचीचा फरक असलेली पोरं शेजारी शेजारी बसतात. सातवीत एखादी मुलगी दिवाळीपर्यंत अशी वाढते की जूनचा कुर्ता खांद्यात दाटतो.

मापं कशी घेतात हे आपण एकदा बघायला हवं. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात शिंपीदादा टेप गळ्यात घालून उभे राहतात, गुरुजी हजेरीपत्रकावरून नाव पुकारतात, आणि चौथीतली एक पोरगी वहीत आकडे लिहून घेते. छाती, कंबर, उंची. प्रत्येक आकड्यावर शिंपीदादा स्वतःच्या मनाने काही वाढवून सांगतात. कुणाला दीड इंच, कुणाला तीन. एका मुलाला त्यांनी चार इंच सांगितले तेव्हा मी विचारलं, एवढे कशाला? ते म्हणाले, “ताई, याच्या बापाला पाहिलंय का? हा चैतापर्यंत कुठं जाईल बघा.” शिवाय आतून किती कापड सोडायचं, हेही त्यांनी घराघराप्रमाणे ठरवलेलं. ज्या घरात धाकटा भाऊ आहे, तिथे जास्त. हे ज्ञान कुठल्या निविदेत मावणार?

‘एक राज्य, एक गणवेश’मधली एक गोष्ट मात्र जायला नको होती, ती म्हणजे सगळीकडे एकच रंग. बीडची, जालन्याची ऊसतोड कुटुंबं दिवाळी झाली की पोराबाळांसह कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. काही मुलं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, पण जी सोबत जातात ती कारखान्याच्या जवळच्या शाळेत बसतात, तेव्हा त्यांचा गणवेश वेगळ्या रंगाचा असतो. आधीच बोली वेगळी, अंगाला पाचटाचा वास, त्यात कपड्याचा रंगही वेगळा. ‘कोयत्याची पोरं’ म्हणून ती लांबूनच ओळखू येतात. सगळ्या जिल्हा परिषद शाळांचा रंग एक असता तर त्यांची ती एक अडचण सुटली असती. तेव्हा अधिकार समितीकडे ठेवूनही जिल्हा परिषद शाळांना एखादा रंग नुसता सुचवता येईल. कापड, शिवण, शिंपी ज्याचं त्याने बघावं. कुणी आकाशी घेतलं तर उत्तम, नाही घेतलं तर ऊसतोडीच्या मुलाला आपल्या रंगाची जोडी शाळेने त्याच आठवड्यात द्यावी. हंगामापुरतं आलेलं मूल चार महिन्यांसाठी नवा गणवेश कुठून आणणार?

आता पैशाचं. आपण मालेगावचे. मागावरून उतरलेलं कापड व्यापाऱ्याकडून दुकानात येईपर्यंत कुठे किती वाढतं, हे आपल्याला मी काय सांगणार? दोन गणवेशांचे ६००, म्हणजे एका जोडीला ३००. कापड, गुंड्या, चेन आणि शिलाई धरून. तालुक्याच्या ठिकाणी नुसत्या सदरा-पँटच्या शिलाईलाच आज एवढे मोजावे लागतात. सोलापुरात गणवेश शिवण्याचा मोठा धंदा उभा आहे. तिथून घाऊक तयार माल घेतला तर भाव बसतो, पण मग माप पुन्हा ठोकळ्याचं येतं. बुटांचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे यांना मिळून प्रत्येक विद्यार्थ्यामागे १७० रुपये ठरले. एवढ्या पैशात बाजारात जे मिळतं ते श्रावणातला चिखल बघत नाही. त्यापेक्षा बरी चप्पल द्या आणि बुटाचा आग्रह सोडा. अनवाणी येणाऱ्या पोराला बुटाशी नव्हे, टाचेला काटा न लागण्याशी मतलब.

आणि हा पैसाही आठवीत संपतो. नववीतही मूल झपाट्याने वाढत असतं, हायस्कूल बहुधा दुसऱ्या गावात, दुसऱ्या संस्थेचं, गणवेशाचा रंग दुसरा. नेमकं तेव्हा सगळा खर्च घरावर येतो. खासगी अनुदानित शाळांतली मुलं तर पहिलीपासूनच या योजनेच्या बाहेर. शिक्षकांचा पगार सरकार देतं, मुलाचा सदरा देत नाही. मुलगी नववीत का गळाली याची कारणं शोधायला समित्या बसतात, त्यांनी कधीतरी जूनमधल्या कापड दुकानातही चक्कर मारावी.

शहरातल्या खासगी शाळांची कथा निराळी. तिथे गणवेश हा धंदा आहे. साधा पांढरा शर्ट कुठल्याही दुकानात मिळेल, पण खिशावर शाळेचं बोधचिन्ह भरतकामात हवं, आणि ते भरलेलं कापड एकाच दुकानात. मग शनिवारचा पांढरा वेगळा, लाल-हिरव्या ‘हाऊस’चा टी-शर्ट वेगळा, पट्टा वेगळा, पायमोज्यांवरच्या रेघाही शाळेच्या. विदर्भातल्या उन्हात गळ्याशी टाय आवळलेली पहिलीतली पोरं बघितली की शाळेपेक्षा आईबापांचीच कीव येते. सीबीएसईने एप्रिल २०१७ मध्ये आपल्या शाळांना आवारात पुस्तकं आणि गणवेश विकण्याचे उद्योग बंद करायला सांगितलं होतं. त्यावर पळवाट सोपी निघते. दुकान आवाराच्या बाहेर, फाटकासमोर थाटायचं. इंग्लंडने २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चासाठी चक्क कायदा केला, आणि खास शाळेच्या छापाच्या वस्तू कमीत कमी ठेवा असं शाळांना बजावलं. आपल्याकडे याहून सोपा तोडगा आहे. बोधचिन्ह सुटं विकावं, पाच-दहा रुपयांना. आई घरी टाचून घेईल. दुकानदाराची मक्तेदारी त्या एका बोधचिन्हावर उभी आहे.

याच खासगी शाळांत राखीव २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांचं काय? शिक्षण हक्काच्या २०१० च्या केंद्रीय नियमांत त्यांना पुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत देण्याचं नमूद आहे. लॉटरीत नंबर लागला म्हणून पेढे वाटणारा रिक्षावाला पहिल्याच आठवड्यात गणवेशाची यादी बघून कुणाकडे उसने मागायचे याचा विचार करत असतो. फी माफ, आणि फीएवढंच कापड गळ्यात.

आता मूळ प्रश्नाकडे येते, सक्तीकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटलंय की ज्यामुळे मुलाचं प्राथमिक शिक्षण अडेल असा कुठलाही खर्च त्याच्यावर लादता येणार नाही. कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींपासून संरक्षण देतं. आता परिपाठाची रांग डोळ्यांपुढे आणा. “गणवेश नसलेले बाजूला या” अशी हाक होते, आणि सहा-सात मुलं सगळ्या शाळेसमोर वेगळी उभी राहतात. मारलं नाही, ओरडलं नाही. पण ही शिक्षा नाही तर काय? ज्याच्या घरी कालच्या पावसात गणवेश वाळला नाही, तो उद्या सरळ घरी राहतो. गणवेशाच्या आग्रहाने शिस्त किती वाढली हे मोजता येत नाही. गैरहजेरी मात्र हजेरीपत्रकात मोजता येते.

केनियात हे कुणीतरी खरोखर मोजलंय. तिथे गणवेश पालकांनीच विकत घ्यावा लागे. डेव्हिड इव्हान्स, मायकेल क्रेमर आणि मुथोनी न्गाटिया यांनी काही शाळांत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना गणवेश मोफत मिळाल्यावर काय झालं ते तपासलं. त्या मुलांची गैरहजेरी ४४ टक्क्यांनी घटली; ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांची ६२ टक्क्यांनी. यातला क्रेमर म्हणजे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जींबरोबर नोबेल मिळालेला. पुढे काही वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा हा फरक टिकलेला नव्हता, हेही त्यांनी लपवलं नाही. एकदा दिलेला सदरा किती दिवस पुरणार? दरवर्षी द्यावा लागतो, आणि वेळेवर.

फाटकावर अडवण्याचं दुसरं रूप आपण शेजारच्या कर्नाटकात पाहिलं. २०२२ मध्ये उडुपीच्या कॉलेजातल्या मुलींचा हिजाबचा वाद उच्च न्यायालयात मुलींच्या विरोधात गेला, आणि सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. विषय मोठ्या खंडपीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेला. आपल्याकडे चेंबूरच्या एका कॉलेजच्या पोशाखाच्या नियमावर जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यावरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. धर्माचा आणि घटनेचा निवाडा न्यायालयं करतील. मला, एका गावातल्या पालकाला, त्यात एवढंच दिसतं की मोठ्यांच्या भांडणात ज्यांचा वर्ग बुडाला त्या मुलीच होत्या. सदऱ्याच्या रंगाचा कापडी रुमाल डोक्यावर घेऊन कुणी वर्गात बसली तर गणिताचं काय बिघडतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

एक लहानशी गोष्ट, मुलींचीच. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासूनच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल सरकारची, स्कर्ट शाळेचा, आणि दोन्हींचा एकमेकांशी पत्ता नाही. वाऱ्यात एका हाताने हँडल आणि एका हाताने स्कर्ट धरून डांबरी रस्त्याच्या कडेने येणाऱ्या मुली मी बघते, पाठीमागून ट्रॅक्टर येत असतो. आमच्या समितीत महिला निम्म्या असाव्यात असा कायदाच आहे, म्हणून हा विषय बैठकीत निघाला तरी. पुरुष सदस्यांनी परंपरेचं काहीतरी काढलं. एका आजीने विचारलं, “परंपरा म्हणता, मग स्कर्ट कुणाच्या आजीने नेसला होता?” ठराव झाला. मुलींना सलवार किंवा पँट, जिला जे हवं ते. केरळातल्या काही शाळांनी मुलामुलींना सारखाच पोशाख केला तेव्हा तिथे केवढा गदारोळ झाला होता. आमच्याकडे दहा मिनिटांत झालं, आणि उरलेली बैठक पाण्याच्या टाकीवर गेली.

तर महोदय, मागणं हे. शासन निर्णयात एक वाक्य घालावं: गणवेश नाही म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याला वर्गाबाहेर, रांगेबाहेर किंवा फाटकाबाहेर ठेवता येणार नाही, त्याला दंड करता येणार नाही, असा विद्यार्थी आढळल्यास मुख्याध्यापकाने समितीला कळवावं आणि समितीने पंधरा दिवसांत गणवेश द्यावा. हे वाक्य अनुदानित, विनाअनुदानित, सगळ्या बोर्डांच्या शाळांना लागू असावं. प्रत्येक शाळेत दोन-चार जादा जोड्या कपाटात ठेवायला थोडी रक्कम द्यावी. आमच्या बाईंच्या कपाटात त्या असतात, मागच्या वर्षी पास होऊन गेलेल्या मुलांनी दिलेल्या, धुऊन इस्त्री केलेल्या. आणि नववी-दहावीचा, अनुदानित शाळांचा विचार पुढच्या अर्थसंकल्पात व्हावा. ३०० चा आकडाही त्याच वेळी बघावा.

तारखेचंही सांगते, कारण वर बसून ते लक्षात येत नाही. मे अखेरपर्यंत लग्नसराई असते. गावातला प्रत्येक शिंपी ब्लाऊज आणि सफारीत बुडालेला असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात रक्कम आली तर कापड दहा जूनला येतं, आणि पोरांचे कपडे गटारीच्या आसपास. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, त्यांना थोडी सवड मिळते. आम्हाला ती नाही. शिंपीदादांचं म्हणणं, मार्चच्या सुरुवातीलाच मापं घ्यावीत आणि कापड होळीनंतर लगेच द्यावं. एप्रिलमध्ये लग्नं सुरू होण्याआधी ते हाफ पँटी उरकतील, आणि सदरे मे महिन्यात रात्री बसून. मापांची वही आमच्याकडे तयार आहे, वाढीचे इंच धरून. रक्कम होळीपर्यंत समितीच्या खात्यावर जमा होईल एवढं आपण बघा.

आपली,
एक पालक-सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती